पिन बसली म्हणजे सोयरीक जुळली का?

मंडळी, काल्याची हंडी वर बांधलीय, पंगतीच्या आमटीचा वास माझ्या नाकात शिरलाय आणि तुमच्याही. पण हंडी फुटायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. बसलं — म्हणजे जुळलं का?

सांगा की! सोपा प्रश्न आहे! माझा पाय तुमच्या चपलेत बसतो, म्हणून ती चप्पल माझी झाली का? हसू नका. मागच्या सप्त्यात याच देवळाच्या दारात कुणाचा तरी पाय माझ्या चपलेत बसला, तो अजून निघालेला नाही! अहो, जीवाचं आणि देवाचं जुळावं म्हणून साधुसंतांनी आयुष्यं घालवली. आणि आपण? भोक दिसलं की पिन खुपसली — झालं काम!

ही सतरंजी माझ्या पायाखाली आज जरा ऊबदार लागतेय. असू द्या. ऐका.

नदीच्या पलीकडे एक गाव. नाव सांगत नाही, तिथले पाहुणे आज पंगतीला आलेत. त्या गावात दिगंबर नलावडे नावाचे गृहस्थ. पण पोस्टमनसुद्धा त्यांना त्या नावानं ओळखत नव्हता. सगळं गाव म्हणायचं, जुळवे तात्या. धंदा एकच — लग्नं जुळवणं. पोरगी कुणाची, पोरगा कुणाचा, कूळ कोणतं, मामाचं गाव कोणतं, सगळं तोंडपाठ. दोन्हीकडचं देवक एक निघालं की तात्या हातातला चहा अर्धा ठेवून उठायचे. म्हणायचे, "पाहुणं, सोयरीक म्हणजे बाजारातली भाजी नव्हं. खोलात जाऊन बघावं लागतं."

आणि घरी? घरी अनसूयाकाकू. त्यांची मंडळी. तात्या छाती फुगवून सांगायचे, आमचे छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळले होते. काकू आतून भांडं जरा जोरात ठेवायच्या. उरलेले चार कुठले, ते त्या भांड्याला माहीत!

तर या तात्यांनी विजेवर चालणारी दुचाकी गाडी घेतली. निळी. दुकानातल्या पोरीनं बिचारीनं सगळं समजावलं. काका, चार्जर खराब झाला तर कंपनीचाच घ्या. मिळालाच नाही तर बॅटरीवरचा व्होल्टचा आकडा आणि चार्जरवरचा आकडा एकच पाहिजे. बॅटरी लिथियमची, तर चार्जरही लिथियमचाच, ॲसिडच्या बॅटरीचा चालत नाही. अँपिअर बॅटरीला झेपतील त्याहून जास्त नकोत. चार्जिंग मोकळ्या हवेत करा, दारात नको. गाडी तापलेली असली तर आधी निवू द्या. तात्यांनी मान डोलावली, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाळ, तुझं ठरलंय का कुठं?"

हसा, हसा! तुम्ही तरी चार्जर आणताना आकडा वाचला होता का?

मग आली खंडेनवमी. हत्यारं पुजायचा दिवस. तात्यांनी विळा धुतला, कोयता धुतला, पहार धुतली, गाडी धुतली. राहिला कोण? चार्जर! तेही हत्यारच की! धरला नळाखाली, खसाखसा घासला, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले आणि दिला बोर्डात लावून. एक बारीक 'टक' झालं. विळ्याला पाणी चालतं हो, विजेला कसं चालेल? दसऱ्याला सगळं गाव सोनं वाटत होतं, आणि तात्या गाडी ढकलत होते.

आठवडी बाजारात एक जण पथारीवर बॅटऱ्या, मोबाइलची कव्हरं, उंदीर मारायचं औषध, सगळं एकत्र मांडून बसलेला. त्यानं विचारलं, कुठल्या बॅटरीला पाहिजे? तात्या म्हणाले, निळ्या गाडीला. अहो, मुलीकडच्यांनी विचारलं मुलगा काय करतो आणि तुम्ही सांगितलं, रंगानं गोरा आहे! पथारीवाल्यानं एक काळा डबा काढला. तात्यांनी गाडी शेजारीच उभी केली होती. पिन लावली. बसली! घट्ट बसली! तात्या खूश. ज्या माणसानं मामाचं गाव विचारल्याशिवाय कुणाची सुपारी फोडली नाही, त्यानं डब्याचं कूळ विचारलं नाही, गोत्र विचारलं नाही, आणि वरात घरी आणली.

काकूंचा गुडघा नुकताच बदललेला होता. त्या बाहेरच्या खोलीत कॉटवर. हातात चौपायी काठी, दोन पावलं टाकायची तर दहा वेळा देवाचं नाव. त्यांनी चष्मा लावला, डबा उलटा केला आणि म्हणाल्या, "अहो, गाडीच्या बॅटरीवर अठ्ठेचाळीस लिहिलंय. ह्याच्यावर साठ हाय."

तात्या हसले. कसे हसले? जुळवणारा माणूस अडाण्याला हसतो तसे. म्हणाले, "अगं, गुण जास्त जुळले म्हणून कुणाचं लग्न मोडलंय का?"

बघा! आयुष्यभर गुण मोजलेला माणूस! त्याला वाटलं, इथंही तसंच. अठरा म्हणजे बरं, बत्तीस म्हणजे उत्तम, साठ म्हणजे तर साक्षात लक्ष्मीनारायणाचा जोडा! काकू म्हणाल्या, माझ्या चपलेचा नंबर पाच, तुमचा नऊ. उद्यापासून तुमची घालते, पाय तर बसतोय. तात्यांनी ऐकलं नाही. बाईमाणसाचं ऐकलं तर पुरुषाची मिशी गळते, असं आपल्याकडं शास्त्र आहे. कुठल्या पोथीत आहे, ते मला अजून सापडलेलं नाही.

आणि मंडळी, या विजेच्या संसारात उलटं आहे बरं का! माणसांत देवक एक असलं तर लग्न होत नाही. बॅटरी-चार्जरचं देवक एकच असलं, तरच होतं.

चार्जिंग कुठं लावलं? घराला पुढचं दार एक. गाडी बाहेर ठेवली तर चोर नेतील, म्हणून दाराच्या आत, उंबऱ्याला आडवी. मागचं दार? होतं की! पण वास्तुवाल्यानं सांगितलं, त्या दारानं लक्ष्मी निघून जाते. म्हणून त्याच्या आड कपाट लावलं. लक्ष्मी अडवली, बायकोही अडवली! चार्जरवर धूळ बसू नये म्हणून वर विणलेला रुमाल. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची. तात्यांनी परक्याच्या नजरेचा बंदोबस्त केला, स्वतःची नजर तेवढी वापरली नाही.

सुरुवातीला काही झालं नाही. असंच असतं! पाप पहिल्या दिवशी फळत नाही, म्हणून तर माणूस दुसऱ्या दिवशी करतो. बॅटरीच्या आत एक पहारेकरी असतो. वीज जास्त आली की तो दार लावतो. रोज लावत होता बिचारा. चार्जिंग मध्येच तुटायचं. तात्या प्लग काढून पुन्हा लावायचे. काकू म्हणाल्या, डबा भाजतोय, वास येतोय. तात्या म्हणाले, नवीन आहे, नव्या नवरीलाही महिनाभर हळदीचा वास येतोच.

एका दुपारी तात्या पलीकडच्या आळीत मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला गेले. गाडी चार्जिंगला, वर रुमाल, आत काकू. तिथं पोहे आले, मुलगी आली, तात्या रंगात आले. म्हणत होते, "वरवरचं बघून भागत नाही, पाहुणं." तेवढ्यात फोन वाजला. काकूंचा. तात्यांनी कापला. शुभ बोलताना फोन घेऊ नये! परत वाजला. घेतला. काकू म्हणाल्या, गाडीतनं धूर येतोय. तात्या म्हणाले, "अगं, तूच मघाशी उदबत्ती लावलीस," आणि ठेवला.

ठेवला, मंडळी! त्या पहारेकऱ्यानं त्या दुपारी हात टेकले होते. बॅटरी फुगली, फुसफुसली आणि पेटली. दारातच! काकूंनी काठीनं मेनस्विच पाडला. वीज गेली, पण आग गेली नाही. अशी बॅटरी एकदा आतून पेटली की स्विच बंद करून विझत नाही. पुढं जाळ, मागं कपाट. गुडघा वाकत नाही. ती माउली भिंत धरून मागच्या खोलीत सरकली आणि कपाट आतून बडवू लागली.

तात्या का उठले, ठाऊक आहे? बायकोच्या फोननं नाही. मुलीचा बाप खिडकीतून बाहेर बघून म्हणाला, तात्या, तो धूर तुमच्या आळीतनं येतोय. तात्या धावले. धोतराचा सोगा सुटला, एक चप्पल मागं राहिली. हातात पोह्याची बशी तशीच! दारापाशी पोहोचले तर दार दिसत नव्हतं. "अनसूया!" म्हणून हाक मारली. किती वर्षांनी नावानं मारली कुणास ठाऊक. आतून उत्तर आलं नाही.

कपाट बडवल्याचा आवाज ऐकून शेजारची माणसं घरामागं पळाली. मागच्या दाराला खांदे लावले. काकू बाजूच्या भिंतीला चिकटल्या, लक्ष्मी अडवणारं कपाट भुईसपाट झालं आणि त्या बाहेर आल्या. तोंड काळं, पदर जळलेला, पण जिवंत. जिवंत, मंडळी! म्हणा — रामकृष्ण हरी!

गाडी गेली, दार गेलं, लिंबू-मिरची सगळ्यात आधी गेली. गाव गोळा झालं. जो तो म्हणाला, देवानं वाचवलं. तात्या काकूंच्या पायाशी बसले होते. मान खाली. काकूंनी पाणी पिऊन घेतलं आणि विचारलं, "आपले गुण किती जुळले होते म्हणालात?"

तात्या पुटपुटले, "बत्तीस."

"उरलेले चार आज दिसले."

तात्या रडले. चारचौघांत, मोठ्यानं. अजून ते लग्नं जुळवतात. पण आता बोलणी करायच्या आधी मुलाकडच्यांना विचारतात, घरात गाडी कुठं लावता? चार्जरचा आकडा काय? सांगता आला नाही, तर चहा अर्धा ठेवून उठतात.

झालं तात्यांचं. आता तुमचं! मघापासून तुम्ही कुणावर हसताय? तो पलीकडच्या गावचा होता, म्हणून हसलात. देव वाचवतो, खरं आहे. पण देवानं काकूंना डोळे दिले होते आकडा वाचायला आणि तात्यांना कान दिले होते ते ऐकायला. त्यानं अजून किती करायचं? तुमच्या दारात येऊन त्यानं प्लग पण काढायचा का?

आणि आता शेवटचं विचारतो. हंडीकडे बघू नका, इकडे बघा. देवघरातल्या बोर्डातून एक पिवळी वायर निघालीय. ती माझ्या पायाखालच्या सतरंजीखालून गेलीय, आयाबाया बसल्यात त्यांच्या खालून गेलीय, आणि बाहेर पडलीय देवळाच्या एकुलत्या एका दारातून. सतरंजी ऊबदार का, ते कळलं आता!

बाहेर कुणाची गाडी लावलीय चार्जिंगला?

कुणीच नाही? बरं. मग तो चार्जरवरचा विणलेला रुमाल कुणाच्या घरचा, तो तरी बायकांनी ओळखावा. उठा, पाटील, मान खाली घालून काही होत नाही. आधी प्लग काढा. काला नंतर.