उंबऱ्यावरचा शब्द

मंडळी, देवाच्या दारात बसलात, तर एक साधा प्रश्न विचारतो. घर विकता येतं. सही केली, किल्ली दिली, झालं! पण घरातून निघता येतं का? हसू नका अप्पा, तुमचं तर भाड्याचं होतं, तरी सोडताना डोळे पुसत होतात!

तर ऐका. समुद्रकाठच्या टेकडीवर दाजी तोडणकरांचं घर. ऐसपैस ओटी, मोठं माजघर, वर माडी, मागे परस! अन् ओटीवर टेकलात, की समोर नुसता समुद्र! होड्या जाताना दिसतात, परत येतानाही दिसतात. असलं घर, आणि फाटकावर पाटी : 'घर विकणे आहे'!

का बरं? अहो, काकींचे, म्हणजे दाजींच्या बायकोचे गुडघे गेले! टेकडी चढवेना. चिपळूणला लेकीशेजारी सपाटीवर जायचं ठरलं. काकी बोचकं बांधून तयार.

गिऱ्हाइकं येत. दाजी हौसेनं घर दाखवीत, कोकम सरबत देत. गिऱ्हाईक खूश, भाव मान्य! आणि ते फाटकाबाहेर पडलं रे पडलं, की दाजी म्हणत, "छे! यांना नाही द्यायचं."

का? सांगा पाहू! पेटीवाले, तुम्ही सांगा! गावानं डोकं खाजवलं. कोणी म्हणे, म्हातारा भाव वाढवतोय. कोणी म्हणे, माजघरात सोनं पुरलंय!

एकदा एक बडा माणूस आला. म्हणाला, "अंगणात पोहायचा तलाव करीन." अहो, समोर अख्खा समुद्र, आणि याला डबकं हवं! दाजी हसले, सरबत दिलं. तलावापायी नाही हो नाकारलं त्याला! निघताना तो म्हणाला, "चला, जातो." संपलं! मोडला व्यवहार!

काकी कडाडल्या, "एका शब्दापायी?"

"अगं, निघताना 'जातो' म्हणतात का आपल्यात? 'येतो' म्हणतात! ज्याला परत यावंसं वाटत नाही, तो इथं राहणार कसला? कुलूप लावील, आणि सुट्टीत समुद्राचे फोटो काढून निघून जाईल."

"आणि माझे गुडघे?"

दाजी उठले आणि सरबताचे पेले विसळायला लागले!

मग सांगलीहून शरयू आली. सासू-सासरे, दीर-जाऊ, पोरंबाळं, सगळी एका छपराखाली मावतील असं घर ती शोधत होती. समुद्राकडे पाहिलंसुद्धा नाही आधी! पहिला प्रश्न काय? "विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं ना?" ती निघाली तेव्हा दाजी परसात, काकी आत. ओटीवर चिटपाखरू नाही. तरी बाई उंबऱ्याशी थांबली आणि रिकाम्या ओटीला म्हणाली, "येते हं!"

दाजींनी परसातून ऐकलं. घर दिलं!

गोष्ट संपली वाटतं? बसा, बसा! खरी आता आहे.

ताबा द्यायचा दिवस आला. काकींनी उंबऱ्याला हात लावला, डोळे पुसले आणि रिक्षात जाऊन बसल्या. दाजी मात्र उंबऱ्यावर उभेच! पाय निघेना, शब्द फुटेना. 'जातो' म्हणायला जीभ वळत नाही. 'येतो' म्हणावं, तर कोणत्या तोंडानं? घर दुसऱ्याचं! सगळ्या गिऱ्हाइकांची परीक्षा घेणारा माणूस, आणि स्वतःच अडकला की हो!

रिक्षातून काकींची हाक, "अहो, चला ना!"

शरयू जवळ आली. "काका, काहीतरी म्हणा की."

"काय म्हणू, बाळ? आता माझं काय आहे इथं?"

"तुम्ही 'येतो' म्हणा. 'या' म्हणायला मी आहे की घरात!"

म्हातारा ढसाढसा रडला हो! मग उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि म्हणाला, "येतो."

"या," ती म्हणाली. तेव्हा कुठं पाय सुटला!

मंडळी, सातबाऱ्यावर नाव कोणाचंही असो. ज्या दारातून 'या' ऐकू येतं, ते आपलं घर. तुमच्या दारातून हा शब्द कोणाला ऐकू येतो का हो? की न सांगता आलेल्या पाहुण्याला पाहून टीव्हीचा आवाज तेवढा वाढतो?

हा देह म्हणजेसुद्धा घरच की! किल्ली आज ना उद्या द्यायची आहे, सुटका नाही. म्हणून सवय आत्ताच लावा. आरती झाली की चपला शोधायला धावू नका! दोन क्षण गाभाऱ्याशी थांबा, त्याच्याकडे बघा, आणि म्हणा, "देवा, येतो." आणि कान देऊन उभे राहा. 'या' म्हणायला तो केव्हाचा आत बसलाय!