तळ्याची प्रदक्षिणा

मी बायकोशी वाद घालणं काहून सोडलं, ते ऐका गा.

गेल्या साली मी अन् बायको सुनंदा पोरीकडं ऑस्ट्रियाले गेलो होतो. तिथं डोंगरात एक तळं आहे अन् त्याच्या भोवती सायकलचा रस्ता. पोरीनं दोन सायकली भाड्यानं काढून दिल्या अन् बजावलं, "बाबा, पाटीवरच्या बाणानं जा. उलटे गेले तर खडा चढ लागते."

सुनंदानं तळं पाहिलं, हात जोडले अन् म्हणाली, "बाणानं तर तळं डाव्या हाताले येते! असं कोणी फिरते का? प्रदक्षिणा उजवीकडूनच असते."

"अवं, हे काय देऊळ आहे का?"

"इतकं निर्मळ पाणी पाहून तुम्हाले देव नाही आठवत?" अन् निघाली उलटी. मी मागं.

चढावर आधी माझा दम निघाला, मग टायरची हवा. पंप नाही, मोबाइलले नेटवर्क नाही. मी भडकलो, "घाल आता प्रदक्षिणा!"

तेवढ्यात समोरून एक सायकलवाला आला, त्यानं पंप काढला. दुसऱ्याजवळ पंक्चरचं सामान निघालं. सत्तरीची एक आजी तर रस्त्यावर गुडघे टेकून ट्यूब चिकटवाले बसली. भाषा एकाचीही समजत नव्हती. सुनंदानं सगळ्यांच्या हातावर संत्रा बर्फी ठेवली, तर आजीनं दोन्ही हातांची ओंजळ केली.

ते गेले तरी मी हात हालवत होतो. "किती भले लोक वं," मी म्हटलं.

सुनंदा सायकलवर बसत म्हणाली, "बाणानं गेलो असतो, तर यांच्या पाठीच दिसल्या असत्या."