सी विंग, दुसरा मजला

नाही, आधी तो पालथा ठेवा. तो टॅब का काय तो. — बंद आहे म्हणता, असेल, पण पालथा ठेवा. हां, आता बोलू. वायफाय कंपनीच्या रुचिता ना तुम्ही? कार्डावर फोटो वेगळा दिसतो, म्हणून विचारलं. राग मानू नका, हल्ली दाराशी कोण येईल सांगता येत नाही. मी सुधीर घाग, तुमच्याकडे नोंद असेलच, सगळंच असतं तुमच्याकडे. चहा? चहा थोड्या वेळाने, बाईसाहेब देवळात गेल्यात. तर काय म्हणालात, आमच्या सोसायटीचा तक्ता तुम्हाला पुस्तिकेत छापायचाय, नमुना म्हणून, आणि रहिवाशांचा अभिप्राय हवाय, सहीनिशी. माझा कशाला? वर्तकनगरात काय माणसं कमी आहेत? — पाच ईमेल केले म्हणून. बरोबर. पाच केले. उत्तर एकाचं आलं.

तक्ता छान आहे हो. मला यातलं कळतं, वागळे इस्टेटला एकतीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली मी. रेघ कशी मारलीय, रंग कसे भरलेत, पटकन कळतं. आधी इमारतीचा नकाशा, तीन विंगा, एकेक मजला म्हणजे एकेक पट्टा, जितकं इंटरनेट जास्त तितका रंग गडद. आणि त्या पट्ट्यांवर ती वर्तुळं — क्रिकेट, मालिका, पाककृती, नोकरी — आतमध्ये छोटं चित्र, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही समजावं. सोसायटीने सगळ्यांसाठी मिळून तुमचं वायफाय घेतलं, तर तुम्ही दर महिन्याला हा तक्ता भेट म्हणून लिफ्टपाशी लावायला लागलात. आजकाल लोक इंटरनेटवर काय करतात, सगळ्यांना कळू दे. लोक उभं राहून हसायचे. ए विंगेत चौथ्या मजल्यावर कढईएवढं वर्तुळ होतं, पाककृतींचं, आणि त्या घरात रोज बाहेरून जेवण येतं! मीही हसलो. खोटं कशाला सांगू.

मार्चच्या तक्त्यावर मात्र एक नवीन वर्तुळ आलं. बारीकसं, जांभळं. आत काठी घेतलेला माणूस. खाली सूचीत बघितलं — 'ज्येष्ठांसाठी निवास'. साध्या मराठीत वृद्धाश्रम. आणि होतं कुठे? सी विंग, दुसरा मजला. — माहितीये, फ्लॅट नंबर टाकत नाही तुम्ही, नावंही टाकत नाही. पण बाई, आमच्या मजल्यावर बिऱ्हाडं दोन. समोरचे बाबुराव पेडणेकर दीड वर्ष झालं मुलीकडे नागपूरला आहेत, दाराला कुलूप. मग उरलं कोण? याला काय गुप्त पोलीस लागतो? बरं, आमच्या घरात माणसं चार. मी, कुंदा म्हणजे माझी बायको, मुलगा सुदेश, सून वर्षाली. म्हाताऱ्याला ठेवायला जागा कोण शोधतं? म्हातारा शोधतो का? म्हातारी शोधते का? — नाही ना. तुम्ही तरी काय समजला असता?

मी तसा उतावळा माणूस नाही. पट्टी घेऊन खाली गेलो आणि वर्तुळ मोजलं. नऊ मिलीमीटर. एप्रिलला चौदा. मे महिन्यात अठरा. वॉचमन म्हणाला, काका, काय मोजताय, म्हटलं तुझं काम कर. मग घरात लक्ष ठेवायला लागलो. सुदेश फोन घेऊन गॅलरीत गेला की मीही गॅलरीत, झाडांना पाणी घालायला. त्या पाण्याने दोन झाडं कुजली. वर्षाली एकदा म्हणाली, बाबा, तुमचे आधार-बिधार सगळे कागद एका फाइलीत लावून ठेवू का. आता सांगा, हे का सुचावं तिला? तेव्हाच? म्हणजे सरळ आहे, तिथे कागद लागतात. ती बिचारी — बिचारी म्हणजे, आता म्हणतो मी बिचारी. तेव्हा मी त्या दिवसापासून तिच्या हातचा चहा बंद केला. पोट बरं नाही म्हणायचो.

शेवटी जूनमधला एक रविवार. तिखलं केलं होतं बांगड्याचं. मी तक्त्याचा फोटो मोठा करून, रंगीत झेरॉक्स मारून आणलेली, ती चार ताटांच्या मधोमध ठेवली. सुदेश म्हणाला, "बाबा, हे काय आणलंत जेवताना?" म्हटलं, इंजिनीअर आहेस ना, वाच. त्याने वाचलं. वर्षालीने वाचलं, आणि तिचे डोळेच भरले. "बाबा, आईशप्पथ, मी असलं काही बघितलेलं नाही," म्हणाली. मी म्हटलं, मग भुतं बघतात? सुदेश तसा शांत आहे, पण त्या दिवशी त्याचाही आवाज चढला, "अहो बाबा, लिफ्टपाशी लावलेल्या कागदावरून तुम्ही आम्हाला चोर ठरवता?" मी म्हटलं, नकाशा कुणाचा सगासोयरा नसतो, नकाशा खोटं बोलत नाही. बोललो मी तसं. कुंदा भात आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. मला वाटलं, मुलगा-सुनेची लाज वाटली असेल तिला.

पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला गेले दोघं, बाळकुमला, भाड्याच्या घरात. टेम्पो भरताना वर्षाली पाया पडली माझ्या. मी पाय मागे घेतले.

आणि मग जुलै संपल्यावर लागला जुलैचा तक्ता. — तुम्ही बनवला होता का तो? तुम्हीच? — बघा म्हणजे. मी निवांत खाली गेलो, आता काय, वर्तुळ नसणारच. तर एकवीस मिलीमीटर. एकवीस! मुलगा नाही, सून नाही, घरात राहिलं कोण? मी आणि कुंदा. मी तर ते कधी बघितलं नव्हतं. म्हणून तुम्हाला ईमेल केले, पाच, की कुठेतरी चूक झालीय, समोरच्या इमारतीचं इकडे आलंय, काहीतरी असेल, तपासा आणि कळवा. तुम्ही काय कळवलंत? 'आकडे अचूक आहेत.' बस्स. तीन शब्द. एक साधं 'चूक असू शकते' लिहिता आलं नाही तुम्हाला?

आठ दिवस विचारलं नाही मी तिला. नुसता बघत होतो. मी खोलीत आलो की ती फोन पालथा घालायची. ते काही नवीन नव्हतं म्हणा. तिची बहीण असते डोंबिवलीला, तिच्याशी बोलताना मी म्हणायचो स्पीकरवर टाक — का टाकू नये? लपवण्यासारखं असतं काय बहिणी-बहिणींत? भाजी आणायला वीस मिनिटं लागतात, पंचेचाळीस लागली तर विचारायचं नाही का नवऱ्याने? काळजी असते म्हणून विचारतो माणूस. फोनमध्ये कुणाचा नंबर आला, कुणाचा गेला, मी रोज संध्याकाळी बघायचो, हल्ली फसवणूक किती चालते, तुम्ही पेपर वाचत असाल. — असं काय बघताय? तुमच्या घरी विचारत नाहीत?

नवव्या दिवशी विचारलं. ती गवार मोडत बसली होती, तिने मानही वर केली नाही. "मीच बघत होते," म्हणाली. "तुमच्यासाठी नाही हो. माझ्यासाठी." म्हटलं, डोकं फिरलंय का, घर आहे, दार आहे, कशाची कमी आहे तुला? तर म्हणाली, "बदलापूरच्या पुढे एक आहे, फक्त बायकांसाठी. खोलीला खिडकी आहे. बाहेर जाऊन आलं तर कुठे गेला होतात विचारत नाहीत. जायचं नव्हतं मला, नुसतं वाचलं तरी बरं वाटायचं." — वाचून बरं वाटायचं! बेचाळीस वर्षांच्या संसारात हिला वृद्धाश्रमाची जाहिरात वाचून बरं वाटत होतं! मी म्हटलं, मग त्या रविवारी का नाही बोललीस, पोरं घर सोडून जाईपर्यंत गप्प का राहिलीस? तर म्हणे, "भीती वाटली." भीती! कुणाची, माझी? म्हटलं, कुंदा, हात उचललाय मी कधी तुझ्यावर? ती म्हणाली, "हात नाही उचललात." आणि उरलेली गवार मोडली तिने. सगळी. भाजी केली, मला वाढलं, आणि सुदेशला फोन लावून सगळं खरं सांगितलं. माझ्यासमोर. स्पीकरवर टाकून.

दुसऱ्या दिवशी तो येऊन घेऊन गेला तिला.

देवळात नाही हो गेली ती. तीन महिने होतील आता.

ते राहू द्या. मी सही करतो, छापा तुमचा तक्ता, पुस्तिकेत छापा, टेंभी नाक्यावर फलक लावा. माझं एक काम करा फक्त. बाळकुमला तुमचं वायफाय आहे ना? त्या नव्या टॉवरांत, सुदेशच्या बिल्डिंगमध्ये? — आहे, मला माहितीये, मी गेटवर तुमचा फलक बघून आलोय. आत नाही गेलो. अकरावा मजला आहे त्यांचा. ते जांभळं वर्तुळ तिथे आहे का, एवढंच सांगा. त्या टॅबवर दिसत असेल तुम्हाला, सरळ करा, करा सरळ. — नाही म्हणजे? नियमात बसत नाही? आमच्या लिफ्टपाशी चिकटवलंत तेव्हा कुठल्या नियमात बसत होतं? तेव्हा चार माणसांचं घर होतं हे! — कशाला हवंय म्हणून काय विचारता, मला कळायला नको? बघत असेल ती तिथेही, मुलाकडे, सुनेकडे, तिथेही तिला तेच वाचून बरं वाटत असेल, तर मग ते माझ्यामुळे नव्हतं, मग तिचा स्वभावच तसा, मी सांगू शकतो चारचौघांत. आणि बघत नसेल, बंदच झालं असेल तिचं ते सगळं, तर मग —

उठा तुम्ही. नाही, सही नाही, काही नाही. तुमचा तो टॅब घ्या आणि निघा. जाताना दार ओढून घ्या.