एका बोल्टावर

न्हाई, देणार न्हाई बूट. बस खाली, भक्ती. तुझ्याआधी अजून सात जणी हायत, मिनिटाला एक सोडायलेत — सात मिनिटं लय झाली. हे बघ, तळव्याला ही क्लीट, पेडलात अडकती ती — हिला बोल्ट किती पाहिजेत? दोन. अन् तुझ्या बुटाला? एकच! दुसरा पडला असंल कुठं वाटंत — अन् तू मला मनायलीस, ताई, एकावर चालतंय. कोण मनलं चालतंय? पेडल मारताना चालतंय गं. थांबताना काय करशील? टाच बाहेर वळवली की टक्क करून सुटती ना क्लीट — ती एकाच बोल्टावर असली की नुसता बूट फिरतो, क्लीट तिथल्या तिथं. पाय निघतच न्हाई. सायकलीसंगं बांधल्यावानी पडतीस मग, आडवी.

हाय, डबीत बोल्ट हाय माझ्याकडं. आधी उलीसं ग्रीस, मग हातानं फिरवायचा, मग एलन कीनं — ह्याला थोडं, त्याला थोडं. एकालाच आवळत बसलं की क्लीट तिरकी होती. तिकडं नको बघू, जाऊ दे त्यांना. कामून एवढी घाई?

ऋतिकाचं नाव ऐकलंस का? झरीची. माय-बाप ऊसतोडीला जायचे, ही चुलत्याकडं राहून शिकली. सायकलिंग शिकवणाऱ्या सरांनी आमा दोघींना जुने बूट आणून दिले होते, एकच रंग, एकच माप. नऊ वर्षं झाली. अशीच राज्याच्या शर्यतीसाठी निवड होती, ह्याच येलदरीच्या रोडला, अन् जिल्ह्यातून एकच पोरगी जाणार होती. सरावाला रोज ती माझ्यापुढं. रोज! चढ आला की मागं वळून हसायची — चिडवायला न्हाई गं, चल मनून. निवडीच्या आदल्या दिवशी पिंगळीकडं गेलो. रेल्वेचं फाटक पडायलं होतं, मी पाय काढून उभी राहिले, ती माझ्याशेजारी आली अन् ओरडली, "राजेश्री, पाय निघंना!" — शेजारून उसाचा ट्रॅक्टर सरकत होता, दोन ट्रॉल्या मागं. ती सायकलीसकट त्याच अंगाला आडवी झाली. ट्रॅक्टरवाल्याला दिसलीच न्हाई. मागच्या ट्रॉलीचं चाक नडगीवरून गेलं.

तीन ऑपरेशनं झाली. पाय आखूड राहिला. आता गावात अंगणवाडीत असती, एक लेक हाय. लोकांना सांगती, राजेश्रीनं मला उचलून दवाखान्यात नेलं, मनून वाचले. दर संक्रांतीला तिळगूळ पाठवती मला. खात न्हाई मी तो. ऑफिसात वाटून टाकते.

निवड? माझी झाली. पुढं खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली. — मनून सांगायले, बोल्ट बघत जावं. तिचा बी एक ढिला होता, निघतानाच लटपटत होता, रस्त्यात पडला — आं? मला कसं माहीत? दवाखान्यात बघितलं की बूट. एकच बोल्ट होता. हां, दवाखान्यातच.

निघताना मनले का मी? — मनले असंल.

बरं, बघितला होता. तिचे बूट पालथे पडले होते अंगणात, ती पाणी प्यायला आत गेली होती. मी बोटानं हलवून बघितला. खिशात एलन की होती माझ्या, दोन फेरे दिले असते तर झालं असतं. मी मनलं, पडंल उलीसं, गुडघा खरचटंल, उद्याच्या दिवस बसंल घरी. एवढंच. ट्रॅक्टरचं कुणाच्या मनात असतं? ती बाहेर आली, बूट घातले, मनली, "चल गं." अन् मी मनले, चल.

काय बघायलीस अशी? दोन्ही आवळलेत तुझे, पक्के बसलेत. ओढू नको — बरं, घे. एलन की बी घे, तूच लावून बघ. बघ, बघ, दुसरा बी बघ.

काय? — न्हाई. तिला न्हाई माहीत.

घाल बूट. तुझं नाव घ्यायलेत तिकडं. जा. जा मनले ना!