केसतोड

(ब्राह्मणपुरी. दुपारची वेळ. सलूनमध्ये दोघंच: न्हावी गोपाल आणि नुकतीच बायको गेलेला भूपेंद्र.)

गोपाल : मी चिरा देणार नाही, भूपेंद्रभाई. वस्तरा दाढीसाठी आहे.

भूपेंद्र : हनुवटीखाली एवढीशी गाठ. दोन मिनिटांचं काम.

गोपाल : केव्हापासून आहे?

भूपेंद्र : नर्मदाच्या दहाव्यानंतर. आधी पुटकुळी होती. आता महिना झाला, गिळतानाही हात तिथंच जातो.

गोपाल : मान वर करा. सुईनं टोकरलं का?

भूपेंद्र : सेफ्टी पिननं. थोडंसंच.

गोपाल : थोडंसंच म्हणे. उंदरानं उकरल्यासारखं केलंय.

भूपेंद्र : काय दिसतं ते सांग आधी.

गोपाल : काही नही शे. केसतोड आहे. ही काळी रेघ बघा आरशात. केस बाहेर यायच्या ऐवजी वळून कातडीत शिरलाय.

भूपेंद्र : मला बरं वाटावं म्हणून सांगतोस.

गोपाल : गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून कोणता न्हावी स्वतःची चूक सांगतो? दहाव्याला नदीवर मीच घाईत उलटा वस्तरा फिरवला. तोही कोरडा. तुमचे केस कुरळे.

भूपेंद्र : मग आता?

गोपाल : महिनाभर दाढी नको. पिन तर नकोच. गरम पाण्यात फडकं पिळून सकाळ-संध्याकाळ शेक द्या. टोक वर आलं की मी चिमट्यानं अलगद सोडवीन, उपटणार नाही. पुढं दाढीआधी गरम पाणी, आणि वस्तरा केस वळतात तसाच.

भूपेंद्र : शेक नको.

गोपाल : का?

भूपेंद्र : नर्मदानं काखेतली गाठ दाखवली तेव्हा मी हेच म्हणालो. केसतोड असेल, शेक दे. कापूस वेचणीचे दिवस होते. चार महिने शेकत राहिली ती.

गोपाल : मला ठाऊक नव्हतं.

भूपेंद्र : कोणालाच नाही.

गोपाल : मग शहाद्याला डॉक्टरला दाखवा. मी नुसता न्हावी आहे.

भूपेंद्र : दोनदा गेलो. दवाखान्याच्या पायरीवरून परत आलो. म्हणून तुझ्याकडे आलो.

गोपाल : उठा. शटर ओढतो, माझ्या गाडीवर जाऊ.

भूपेंद्र : तुझी गिऱ्हाइकं?

गोपाल : दाढी एक दिवस वाढली तर काही होत नाही. आत गेल्यावर केसतोड आहे म्हणून सांगा, म्हणजे लवकर उरकतील.

भूपेंद्र : नाही. गाठ आहे एवढंच सांगेन. कशाची ते त्यांनी सांगावं. मागच्या वेळी मी सांगितलं होतं.