पोहता येणाऱ्या मामांचं जॅकेट

पोहता येतं त्याला लाईफ जॅकेट कशाला, असं तुम्ही म्हणताय ना? मग आमच्या निफाडच्या मामांचं ऐका. मामा विहिरीत पोहायला शिकले आणि पुढे अर्ध्या गावाला त्यांनीच शिकवलं.

गेल्या वर्षी आम्ही सगळे पेठच्या बाजूला नदीत ट्यूबिंगला गेलो. हवा भरलेल्या मोठ्या ट्यूबमध्ये बसायचं आणि पाण्याबरोबर वाहत जायचं. तिथल्या माणसानं जॅकेट पुढे केलं, तर मामा म्हणाले, "मला नको. लय पाणी पाह्यलंय मी."

मामींना पोहता येत नाही. त्या जॅकेट घालून तयार होत्या. म्हणाल्या, "तुमी नाय घातलं तर मी बी नाय बसनार. चला घरी."

सगळे बघत होते, म्हणून मामांनी चिडून जॅकेट घातलं. पट्टे मामींनीच आवळले.

पुढच्या वळणावर पाण्याला जोर होता. मामांची ट्यूब उलटली आणि त्यांचं डोकं खडकावर आपटलं. आम्ही हाका मारतोय, पण ते हातसुद्धा हलवेनात. तोंड वर, डोळे मिटलेले, नुसते तरंगत चाललेले. मामींची ट्यूब त्यांच्याजवळ आली तेव्हा मामींनी जॅकेटचा पट्टा धरला, तो काठाला लागेपर्यंत सोडला नाही.

काठावर मामांनी डोळे उघडले. मामी रडतही होत्या आणि भांडतही होत्या. "येवढं पोहता येतं ना तुमाला?"

मामा कपाळ दाबत म्हणाले, "येतं की. पन शुद्धीत असल्यावर."