चार दिव्यांचा दंड

लिहा भाऊ, दोन हजार तीन साल, पोळा होऊन चौथा दिवस, वार शनिवार. दंड वीस रुपये, चार दिव्यांचा, एकाचे पाच. हजर आम्ही अकरा बाया आन् क्लासचे सर.

मी धुरपता, आम्ही ढिवर, तलावाची मासोळी धरणारे, चामोर्शीकडलं गाव. तेव्हा मी अडतीस वर्षांची, सातवी शिकलेली, दोन पोरींची माय. शाळेच्या खोलीत बायांसाठी तीन महिन्यांचा क्लास निघाला, बिजलीचं छोटं काम शिकवायचा. घरधनी म्हणे, मासोळ्या विकणारी बाई तारा जोडणार काय, मी म्हटलं घरात जाळं कोण विणते.

काय सांगू तुम्हाला, पहिल्या दिवशी सरांनी हातात ब्रेडबोर्ड दिला, साबणाच्या वडीएवढा, पांढरा, तारा खोचायले छिद्रंच छिद्रं. मले वाटलं हे जाळंच, इथून तिथून सगळं एकमेकांले बांधलेलं, म्हणून मी एलईडीचे दोन्ही पाय एकाच ओळीत खोचले. दिवा लागलाच नाई. सर हासून राह्यले, म्हणे मावशी, एका ओळीची पाच छिद्रं आतून एकच असतात, दोन्ही पाय एकाच घरात ठेवले तर करंट दिव्यातून जाईल काऊन. ती चूक माह्यी, मी तिथंच कबूल केली. लांब पाय प्लसकडे, आखूड मायनसकडे, मधात रेझिस्टर, हे वहीत लिहून ठेवलं. हिशोबही लिहिला, बॅटरी नऊ व्होल्टची, लाल दिव्याले दोन पुरतात, उरले सात, ते रेझिस्टरनं घ्यायचे नाईतर दिवा जळून जाते. त्याच्यासाठी चारशे सत्तर ओहमचा लावायचा, त्याच्यावर पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी.

तर त्या शनिवारी चार जणींचे दिवे लागल्याबरोबर विझले, त्यात एक माह्या. सर तापले, म्हणे रेझिस्टर सोडून बॅटरी सरळ दिव्याले लावली तुम्ही, लक्ष नाई, पाच पाच रुपये काढा, जी देणार नाई तिचं नाव सोमवारी कटते, बाहेर दुसऱ्या बाया जागेसाठी थांबल्या आहेत. तिघींनी कमरेच्या पिशव्या सोडल्या. मी नाई सोडली. माह्या बोर्ड मी पुन्हा पाह्यला, पाय बरोबर, ओळी बरोबर. मंग रेझिस्टर काढून खिडकीजवळ नेला, तर तिसरा पट्टा तपकिरी नाई, काळा.

आता आमच्या तलावावर मासोळीचे वाटे पडतात ना भाऊ, एका बाईनंही म्हटलं माह्या वाटा कमी आहे, तर सगळे वाटे एकात टाकतात आन् सगळ्यांसमोर पुन्हा पाडतात. कोणी रागावत नाई, मले चोर म्हणते काय असं कोणी विचारत नाई. मले वाटलं इथंही तसंच असंल. मी म्हटलं, सर, रेझिस्टर वाटले ती डब्बी टेबलावर रिकामी करा, एकेकाले मीटर लावा.

सर म्हणाले, "मावशी, आता तुम्ही मले शिकवता?"

"नाई सर, मोजा म्हणते. मोजून माह्यी चूक निघाली तर दहा देईन आन् नावही मीच कटवीन."

माह्या बाजूची शेवंता माह्या पदर ओढून राह्यली, म्हणे धुरपता, पाच रुपयांसाठी जागा घालवते काय. मी म्हटलं पाच रुपयांचं नाई वो, मी बरोबर लावलं होतं त्याचं आहे. आन् टेबलासमोर उभीच राह्यली, खाली बसली नाई.

शेवटी सरांनी डब्बी उलटवली. सत्तावीस नग निघाले, एक एक मीटरवर लावला, मी वहीत लिहून राह्यली. अठरा चारशे सत्तरचे, नऊ फक्त सत्तेचाळीसचे. आमच्या चौघींच्या बोर्डांवरचेही सत्तेचाळीसचेच. एवढ्या कमीनं करंट अडत नाई, दिवे जळणारच होते. सर म्हणाले, डब्बी मीच भरली होती. त्याईनं तिघींचे पंधरा रुपये तिथंच वापस केले. माणूस वाईट नव्हता, पण मोजल्याबिगर बोलला होता.

मी क्लास पुरा केला. आता भारनियमनात गावातल्या सतरा घरी माह्या हातचे दिवे लागतात, बिघडले की मलेच बोलावतात, घरधनी सायकलवर सामान आणून देते. देव त्याले आन् सरांले सुखी ठेवो.

एक राह्यलं, तेही लिहा. त्या शनिवारच्या पुढच्या महिन्यात, क्लास चालू होता तेव्हा, मी खरंच एक दिवा जाळला, घाईत रेझिस्टरबिगर बॅटरी सरळ लावली, कोणी पाह्यलं नव्हतं, मीच सरांले सांगितलं. सर म्हणे जाऊ द्या मावशी. मी नाई जाऊ दिलं. त्या चार दिव्यांचा दंड शेवटी कोणालेच लागला नाई, या पाचव्याचे पाच रुपये मी सरांच्या हातावर ठेवले आन् पावती घेतली.